भोपळ्याच्या जागी लग्न

धाड
शुक्रवार, १० एप्रिल २०२६

मामा,

तुमी माह्यं पत्र लाल पेनानं दुरुस्त करून परत पाठवलं! मी काय परीक्षेले बसली होती? पन्नाशीले टेकली मी, घरात नातू रांगून राह्यला, अन् तुमी माह्या वेलांट्या मोजत बसले. जिथं जिथं 'मले' लिवलं तिथं 'मला' केलं. 'काऊन'भोवती गोल काढून बाहेर 'का' लिवलं. पुरं पान लाल. सासूबाईनं दुरून पाह्यलं त तिले वाटलं म्या कागदावर कुंकू सांडवलं. 'मले'चं 'मला' करून तुमी काय पुण्याचे झाले? जन्मले त याच धाडले ना?

अन् एवढी मेहनत करून उत्तर काय, त खाली एक ओळ. "येणार नाही. चुका करणारा माणूस मंगल कार्यात कशाला?"

म्या मागितलं काय होतं? येत्या नऊ मेले माय-बाबांच्या लग्नाले पन्नास वर्षं होऊन राह्यली. मोताळ्याले घरापुढंच मांडव टाकून जेवण ठेवलं आहे. या, मायले भावाच्या हातची साडी पाह्यजे. बस. यात तुमाले एवढं काय झोंबलं?

फोनवर बोलली असती. पण छापखान्याच्या मशीननं तुमचे कान नेले, अन् फोन आला की तुमी तो पुष्पामामीच्या हाती देता. मामी म्हणते, "तुह्या मामाले लिवलेलंच खरं वाटते, बोललेलं नाई." म्हणून मी, चौथी शिकलेली बाई, मळ्यातली वांगी तोडाची सोडून कागद घेऊन बसली. त्याची ही किंमत.

मले माहीत आहे तुमी कायले फुगले. माह्या पोरीच्या, मयुरीच्या लग्नात बाबांनी माईक घेतला तवापासून. अहो, बाबा हरेक लग्नात माईक घेतात! मोताळा तालुक्यात असा मांडव नसन जिथं त्यायनं ती गोठ सांगितली नाई. "माह्यं लग्न माह्या साळ्याच्या चुकीनं लागलं. मालक म्हणे भोपळा लाव, यानं लग्न लावलं!" मांडव हसला. व्याही हसले. भटजी हसला. अन् तुमी हातातली जिलबी ताटात ठेवली, उठले, अन् तुमच्या देऊळगाव राजाची जीप धरली. नवरी पोरगी तुमच्या पाया पडाची राहून गेली. तवापासून भाऊबीज नाई, काही नाई. माय दर दिवाळीले ताट करते, दिवा लावते, अन् मंग तो दिवा तुळशीपाशी नेऊन ठेवते.

आता तिनं सांगितलं आहे, "दादा आला नाई त मी पाटावर बसत नाई. खुशाल एकटे बसा म्हणा बापाले, अन् घ्या हार घालून." तुमाले तिचा हट्ट माहीत आहे. ती नाई बसणार. पन्नास वर्षांचा नवरदेव एकटाच पाटावर बसन अन् पुरं मोताळा पाहीन.

माणसाच्या हातून चूक होते, मामा. चूक झाली म्हणून त आमी भावंडं जन्मलो. हसून सोडून द्यायची गोठ आहे. काऊन येत नाई ते लिवा. लाल पेनानं नाई, निळ्यानं.

तुमची भाची
आशा


धाड
रविवार, १९ एप्रिल २०२६

मामा,

आज आखाजी, तुमच्या शुद्ध भाषेत अक्षय तृतीया. पुरणाचं पातेलं उतरवून लिवाले बसली आहे. हाताले गूळ आहे, कागद कुठं चिकटला त त्याले चूक म्हणू नका.

तुमचं कार्ड आलं. "तुला काय ठाऊक आहे ते सगळे लिहून दाखव, मग बोलू." वा! जो माणूस तिथं उभा होता त्याले मी सांगू, अन् मी तवा जन्मलीही नव्हती. पण ठीक आहे. लहानपणापासून बाबांच्या तोंडून ऐकली तशीच लिवते. घ्या तपासून.

तुमी बुलढाण्याले 'घाटवारा' दैनिकात खिळे जुळवत होते. शिशाचं एकेक अक्षर, तेही उलटं, उचलून उचलून ओळ लावाची, ओळीले ओळ जोडून पान बांधाचं. चार पानांचा पेपर. दुपारी छापून मोताळा, धाड, देऊळगाव राजाच्या एसट्यांवर गठ्ठे चढत, सांजच्याले गावोगाव वाचला जाये. चांगलं चाललं होतं. मंग आणीबाणी लागली अन् पेपरच्या गळ्यात लोढणं आलं.

छापाच्या आधी पानाचं प्रूफ काढाचं अन् ते ओलंच घेऊन सायकलवर कचेरीत पळाचं. तिथं सेन्सॉर साहेब लाल पेन्सिल घेऊन बसे. (तुमाले लाल रंगाची बाधा कोठून झाली ते आता समजलं.) गोडं तेल मिळून नाई राह्यलं, खोडा. मास्तरांची बैठक झाली, खोडा. बाजारात नसबंदीवाल्यांची जीप आली अन् माणसं भाजीची टोपली टाकून पळाली, ते त खोडाच खोडा. बाबा म्हणतात, एकदा साहेबानं 'यंदा ऊन फार' हेही खोडलं. सरकार असताना ऊन फार कसं?

बरं, खोडलं त खोडलं, तिथं कोरी जागा ठेवाची नाई हाही हुकूमच. कोरं दिसलं की लोकायले समजते, इथून काही तरी उचललं. म्हणून त्याच मापाचं दुसरं काही तरी त्या भोकात बसवा, पुन्हा प्रूफ काढा, पुन्हा कचेरीत पळा, शिक्का आणा, मंग मशीन चालवा. तोपर्यंत मोताळ्याची गाडी भोंगा वाजवत घाट उतरून जाये. गठ्ठे फलाटावरच. दुसऱ्या दिवशी शिळा पेपर कोण हाती धरते? मालक डोकं धरून बसे.

मंग तुमी डोकं चालवलं. काही मजकूर आधीच जुळवून, सुतळीनं बांधून ठेवून दिले. लहान भोक पडलं त 'तुळशीचे गुण'. त्याहून मोठं पडलं त 'लिंबाचं लोणचं'. अन् खिंडारच पडलं त 'दुधी भोपळ्याचे फायदे'. उचला अन् बसवा. बाबा म्हणतात, मोताळ्याले लोक पेपर उघडून पहिले भोपळा पाहत. दिसला की म्हणत, "आज मोठं काही तरी कापलं बे!" अन् कोणाची बातमी कापली हे सांजपर्यंत चहाच्या टपरीवर समजून जाये. छापली असती त एवढी पसरली नसती.

आता लग्नाचं. माय तुमच्या पाठची, नारायणआबांची लाडकी पोरगी, धाडची. बाबा मोताळ्याचे. पाह्यणं झालं, पसंती झाली, तारीख निघाली नऊ मे. बहिणीचं लग्न म्हणून तुमी मालकाले इचारून पेपरात द्यायचं जाहीर निमंत्रण आधीच जुळवून ठेवलं. चिरंजीव रंगराव, सौभाग्यकांक्षिणी विमल, हेच आग्रहाचे निमंत्रण समजून सर्वांनी अगत्य यावे. खाली 'निमंत्रक उभय परिवार'.

अन् मंग झाली रोडग्याची भानगड.

मोताळ्याची मंडळी बोलणी पक्की कराले धाडले आली. आबांनी मळ्यात कणकेचे रोडगे केले, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, संगं वांग्याची भाजी अन् वाटीभर तूप. बाबांचे काका वामनराव, ज्यायचा शब्द त्या घरात कोणी ओलांडत नसे, त्यायनं रोडगा फोडला, नाकाशी नेला अन् म्हणे, "मधून कच्चा आहे."

आबा म्हणे, "रोडगा पक्का आहे, दात कच्चे असतीन."

झालं! वामनराव ताटावरून उठले. (ताटावरून उठाची रीत आपल्या सोयऱ्यांत जुनीच दिसते.) त्यायच्या मागं पुरी मोताळ्याची पंगत उठली. बाबा सगळ्यात शेवटी उठले, कारण त्यायचा रोडगा अर्धा राह्यला होता अन् त्यायले तो आवडला होता. लग्न मोडलं. हे म्हणत त्यायनं आधी नमावं, ते म्हणत यायनं आधी नमावं. दोन्हीकडं मुंडकी ताठ. निमंत्रण छापलंच नाई. बांधलेले खिळे तुमच्या स्टुलाखाली तसेच पडून राह्यले.

अन् मंग तो दिवस. साहेबानं पहिल्या पानावरची सगळ्यात मोठी बातमी खोडली, बाजारातून माणसं पळाल्याची. पानात हे एवढं खिंडार. मोताळ्याची गाडी उभी, कंडक्टर बोंबलून राह्यला. मालक ओरडला, "शालिग्राम, भोपळा लाव!" अन् तुमी घाईत, चुकीनं, भोपळ्याच्या जागी लग्न लावलं. प्रूफ कचेरीत गेलं. साहेबानं दोनदा वाचलं. त्याले त्यात सरकारविरोधी काही सापडलं नाई. शिक्का मारला. पेपर निघाला.

सांजच्याले मोताळ्यात वामनरावांनी वाचलं अन् मिशीवरून हात फिरवला. "नमले बे धाडवाले! जाहीर पेपरात बलावून राह्यले." तिकडं धाडले आबांनी मास्तराकडून वाचून घेतलं अन् मांडीवर थाप मारली. "नमले मोताळ्याचे! पेपरात छापून माफी मागितली." निमंत्रक कोण, त उभय परिवार. मंग ज्याले जे पाह्यजे ते त्यानं वाचलं. दोघंही खूश, अन् दोघंही आता मोठ्या मनानं माफ कराले तयार!

एक आजीलेच शंका आली. म्हणे, "आधी कोणाले तरी पाठवून इचारा त खरं, त्यायनंच छापलं काय?" त्यावर पोलीस पाटील म्हणाला, "बाई, ही सेन्सॉर होऊन आलेली बातमी आहे. साहेबाचा शिक्का आहे तिच्यावर. नऊ तारखेले लग्न नाई लागलं त बातमी खोटी ठरते. अन् खोटी बातमी म्हणजे काय, माहीत आहे ना? आत!"

आजीनं गहू दळाले काढले.

नऊ तारखेले अर्धा जिल्हा लोटला. पेपरात अगत्य यावे लिवलं होतं, मंग आले. खामगावचे एक वकील आले, त्यायले ना हे ओळखत ना ते. लुगडं अन् नारळ घेऊन आले, पंगतीत बसले, दोनदा वाढून घेतलं अन् आशीर्वाद देऊन गेले. आबांनी हट्टानं रोडगेच केले. वामनरावांच्या ताटापुढं सोता उभे राह्यले, हातात तुपाची वाटी.

"कसे आहेत?"

वामनराव चावत राह्यले. वामनरावांनी घास गिळला, पाण्याचा घोट घेतला अन् म्हणे, "सरकारनं पास केलेलं लग्न आहे. यात कच्चं काय असन?"

ही झाली गोठ. यात तुमची एक चूक अन् बाकी सगळं आनंदाचं. आता सांगा, जिलबी काऊन टाकली?

आशा

ता.क. मामीनं कळवलं, तुमी बालाजीच्या देवळात जाता तवा मायसाठी साड्यांच्या दुकानात डोकावून येता. घेत नाई, फक्त डोकावता. मले सगळं समजते.


मोताळा
सोमवार, २७ एप्रिल २०२६

मामा,

पानांमागं पानं लिवली म्या, ती तुमी परत पाठवली. गूळ लागलेली. 'मले' तसंच, 'काऊन' तसंच, वेलांट्या उलट्यापालट्या. तुमी एकीलेही हात नाई लावला. एवढ्या कागदांत फक्त एक शब्द खोडला, दोन आडव्या रेघा मारून. 'चुकीनं'. अन् बाजूले बारीक अक्षरात लिवलं, "भोपळा हाताशीच होता. तुझ्या बापाला विचार, तो छापखान्यात का आला होता."

म्या मिरच्या तशाच सोडल्या, नवऱ्याले म्हटलं सैपाक करून खा, अन् मोताळ्याची गाडी धरली.

घरी आली त माय गच्चीवर कुरडया घालून राह्यली होती अन् बाबा खुर्ची टाकून, काठी घेऊन कावळे हाकलून राह्यले होते. म्या पाणीही नाई पेलं.

"बाबा, लग्न मोडल्यावर तुमी बुलढाण्याले छापखान्यात गेलते काय?"

बाबांची काठी वरच्या वर थांबली. एक कावळा आरामात आला अन् कुरडई घेऊन गेला.

"कोण म्हणे?"

"मामा."

"सांगितलं त्यानं?" बाबा म्हणे. "इतकी वर्षं त पोटात ठेवलं होतं साळ्यानं."

माय सोऱ्या दाबत होती, ती थांबली. "काय ठेवलं होतं पोटात?"

आता बाबांले पळाले जागा नव्हती. जिना माह्या मागं. मंग सांगितलं. सरकीचं बी आणतो म्हणून घरून निघाले अन् सरळ तुमच्यापाशी येऊन उभे राह्यले. तुमी मान वर नाई केली. खिळे उचलून राह्यले होते. बाबा म्हणे, "ते आमचं निमंत्रण, त्याचे खिळे सोडवले काय?" तुमी म्हणे, "नाई अजून. मालक मागून राह्यला, खिळे कमी पडतात." बाबा म्हणे, "नका सोडवू. मले बायको म्हणून तुमची बहीणच करायची आहे. काकांपुढं माह्यं तोंड उघडत नाई. तुमीच काही तरी करा." अन् तिथंच, मशीनच्या बाजूले, रडले.

"रडलो नाई," बाबा मधातच म्हणे. "शिशाची धूळ डोळ्यात गेली होती."

मामा, तुमाले मायचं तोंड दाखवाले पाह्यजे होतं. ती पाहते बाबांकडं, बाबा पाहतात कावळ्याकडं. मंग ती अशी हसली, अशी हसली, की सोऱ्यातून कुरडई भलतीकडंच पडली. बाबा घाबरले. म्हणे, "अवं, हसू कायले राह्यली?"

"मीही गेलती!" माय म्हणे.

खरंच. आबांसंगं बुलढाण्याले मिरच्या विकाले गेलती. आबा गिऱ्हाइकाशी भांडण्यात रंगले अन् ही पदर सावरून छापखान्यात. तिले सरळ अक्षर वाचता येत नव्हतं, उलटं काय येईन? तुमी स्टुलाखालून ते बांधलेलं निमंत्रण काढलं, तिचं बोट धरलं अन् शिशावर ठेवलं. "हे वि, हे म, हे ल. ही तू." अन् मंग बोट पुढं नेलं. "अन् हा रंगराव." तिचं बोट काळं झालं. ती म्हणे, "दादा, याले हात नको लावू. राहू दे असंच." बोटाची शाई तिनं चार दिवस धुतली नाई, आजी रागावली तरी.

एका घरात, एका चुलीपाशी, पन्नास वर्षं! याले तिचं माहीत नाई, तिले याचं माहीत नाई. दोघंही मानून चालले, छापखान्यात गेलतो ते आपण एकटेच. दोघांचंही ज्याले माहीत होतं तो माणूस देऊळगाव राजाले गप बसून राह्यला होता.

म्या म्हटलं, "मंग चूक चूक कायले म्हणता मांडवामांडवात?"

तवा बाबांनी सांगितलं. चूक म्हणाचं हे तुमीच ठरवलं होतं. वामनरावांले समजलं असतं की पुतण्या धाडवाल्यांपुढं रडला, त बाबांले घरात उभं केलं नसतं. अन् मायले जन्मभर ऐका लागलं असतं, धाडवाल्यांनी भावाच्या हातून डाव टाकला अन् पोरगी गळ्यात मारली. म्हणून तुमी मालकाले म्हणाले चूक झाली. साहेबाले म्हणाले चूक झाली. आबांलेही तेच. मालकानं तुमाले पहिल्या पानावरून काढून बाजारभावाच्या कोपऱ्यात बसवलं, तरी तेच. पुऱ्या बुलढाण्यात ज्याच्या पानात एक अक्षर वाकडं निघत नसे, तो माणूस वेंधळा म्हणून नाव घेऊन फिरला. बहिणीले टोमणा नको म्हणून.

बरं, वामनराव गेले. आबा गेले. टोमणा मारणारं कोणी उरलं नाई. पण तोपर्यंत बाबांच्या तोंडाले गोठ लागली होती. लोक हसत, म्हणून हे सांगत. अन् दरवेळी स्वतःचं रडणं झाकून तुमच्या डोक्यावर भोपळा फोडत.

मायनं हे ऐकलं अन् तिचं हसू गेलं. उठली. म्हणे, "माह्या भावावर तुमी जन्मभर लोकायले हसवलं? ज्यानं तुमचं बाशिंग बांधलं त्याच्यावर?" बाबा म्हणे, "अवं, मजेनं—" "आता मजेनं चहा करा," माय म्हणे, अन् खाली निघून गेली. बाबांनी जन्मात पहिल्यांदा चहा केला. साखरेच्या जागी मीठ पडलं. मायनं घोट घेतला, तोंड वाकडं केलं अन् म्हणे, "आता याले म्हणतात चूक."

तिथं मंग आमी तिघंही हसलो. शेजारची आली पाहाले, यायच्या घरी काय झालं म्हणून.

आता ऐका. नऊ तारखेले बाबा माईक घेणार. (नाई म्हटलं तरी घेणारच.) पण गोठ बदलली आहे. ते सांगणार, "चूक नव्हती. शालिग्रामनं मुद्दाम केलं, सरकारच्या नाकाखाली केलं, अन् सरकारचाच शिक्का मारून आणला." म्या म्हटलं, रडल्याचंही सांगा. म्हणे, सांगतो. माय म्हणे, "अन् धुळीचं नका सांगू." ठरलं. पुरं मोताळा ऐकन. पण ज्याच्याविषयी सांगाचं तो पुढं बसलेला पाह्यजे. नाईतर काय, पुन्हा पाठीमागंच बोलल्यासारखं होईन. अन् माय अजूनही तेच म्हणते, दादा नाई त पाट नाई. आता त जास्तच म्हणते.

पत्रिका केली आहे इथल्या कम्प्युटरवाल्याकडं. मजकूर तोच जुना, मायले पाठ आहे सगळा. तुमीच वाचून दाखवला होता ना बोट धरून, तिनं तो धरूनच ठेवला. हेच आग्रहाचे निमंत्रण समजून सर्वांनी अगत्य यावे. निमंत्रक उभय परिवार. फक्त एक ओळ म्या नवीन टाकली. 'हे लग्न मुद्दाम जुळवणारे', अन् त्याच्या पुढं जागा सोडली. कम्प्युटरवाला म्हणे, "काकू, कोरी जागा दिसून राह्यली, बरं नाई वाटत." म्या म्हटलं, मले शिकवू नको. कोरी जागा ठेवता येत नाई हे आमच्या घरात तुह्या बापाच्या आधीपासून माहीत आहे.

तुमच्या परवानगीशिवाय तुमचं नाव मी नाई छापणार. ते तुमीच लपवलं होतं, तुमीच बाहेर काढा. हे पत्र टपालात नाई टाकत, देऊळगाव राजाच्या जीपवाल्याच्या हाती देऊन राह्यली, त्याच्याच हाती उत्तर द्या. लाल पेनानं द्या, चालन. 'मले'चं 'मला' करा, चालन. पण त्यात 'येतो' असलं पाह्यजे, अन् साडी मोरपंखी घ्या, मामी सांगत होती तुमी त्याच साडीपुढं उभे राहता.

गुरुवार, तीस तारीख, सांजची गाडी. त्याच्या पुढं पत्रिका थांबत नाई. उत्तर आलं त त्या जागी शालिग्राम नारायणराव, धाड, ठसठशीत अक्षरात. नाई आलं त माह्या मळ्यात यंदा वेल चांगला आला आहे, फोटो काढून ठेवला आहे, अन् तो बरोबर त्याच मापाचा आहे.

भोपळा.

तुमची
आशा